एकाच माणसाचं बुकिंग

त्याला सगळे घुम्या म्हणत आणि त्याच्या जोडीदाराला टकळ्या. कोल्ड स्टोरेजात माणसाचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं निघायचं, एरवी तेही मालासारखं गोठलेलं. टकळ्याचं तोंड गेटापासून ऐकू यायचं. घुम्या शेजारी उभा असला तरी वळून बघावं लागायचं, आहे का गेला म्हणून.

दोघांचं काम उणे चेंबरात, म्हणजे शून्याच्या खालच्या गारठ्यात. मासळी, मटार, कोंबडी, नारळाचा कीस, जे जे म्हणून दगडासारखं गोठवून विकतात ते सगळं तिथं थप्प्या लावून ठेवलेलं. जाड कोट, पायमोज्यावर पायमोजा, कानटोपी घालून आत शिरलं की पहिल्याच श्वासाला नाकातले केस ताठ व्हायचे. पापण्या जड, मिशी पांढरी. थोडा वेळ पेट्या हलवायच्या, बाहेर येऊन चहाच्या कपाला दोन्ही हातांनी धरून बसायचं, हातात जरा जीव आला की पुन्हा आत. ह्या ये-जा करण्यात घुम्याची उमेद गेली, गुडघे गेले, आणि हाडात जो गारठा शिरून बसला तो भर उन्हाळ्यातही निघेना. घरातली बाकीची माणसं पंख्याखाली घाम पुसत असायची आणि हा कोपऱ्यात पायांवर ब्लँकेट घेऊन बसलेला. बायको म्हणायची, ह्यांना जेवायला वाढण्याआधी बाहेर काढून ठेवावं लागतं.

आत एकट्यानं जायचं नाही, हा तिथला पहिला नियम. तो साहेबानं केलेला नव्हता, जुन्या गड्यांनी केलेला होता. थंडी चावून मारत नाही, जोजवून मारते. माणूस दमून पेटीवर टेकतो, जरा बरं वाटतं, डोळा लागतो, आणि लागला तो लागला. म्हणून आत दोघं, बाहेर दोघं. आतमध्ये थप्प्यांच्या भिंतींमुळे एकमेकांचं तोंड दिसत नाही, पंखे घोंघावत असतात, म्हणून हाक. एकानं "आहेस का?" म्हणायचं, दुसऱ्यानं "आहे" म्हणायचं. एका हाकेला उत्तर नाही आलं तर दुसरी द्यायची. दुसरीलाही नाही आलं, तर हातातली पेटी जागेवर टाकायची आणि धावायचं. पेटी फुटली तर फुटली, त्याबद्दल कुणी कधी बोललं नाही.

टकळ्या नुसतं "आहे" म्हणून कधी थांबला असेल तर शपथ. "आहे, जातो कुठं?" इथून जी सुरुवात व्हायची ती मेहुण्यानं घेतलेल्या म्हातारड्या मोटारीवर जायची, तिथून बहिणीच्या पित्तावर, तिथून शेजारच्या शिंप्यानं शिवलेल्या आखूड बाह्यांवर. त्याची बायको तरुणपणीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. थोरल्या बहिणीकडे राहायचा, आणि बहीण दिवसभर शिवणाच्या मशीनवर, तिला ऐकायला सवड नाही. तेव्हा घरी साठलेलं सगळं तो डब्याबरोबर घेऊन यायचा आणि चेंबरात मोकळा व्हायचा. घुम्यानं मधूनमधून हं म्हणायचं. हं म्हटलं नाही की टकळ्या थप्पीला वळसा घालून बघायला यायचा, मेला का काय म्हणून. म्हणजे तिथं गप्प राहण्याचीसुद्धा सोय नव्हती. तीस वर्षं घुम्यानं त्या माणसाचा मेहुणा ऐकला, तोही कधी न पाहिलेला.

नारळाच्या किसाच्या पेट्यांवर चित्र होतं. निळं पाणी, वाळू, वाकलेलं झाड, झाडाला टांगलेली झोळी. झोळीत कुणी नव्हतं. कुणी म्हणेल त्यात काय, पण घुम्याची नजर तिथंच अडकायची. चित्रात एखादी हसणारी बाई किंवा पोरंटोरं घातली असती तर त्यानं त्या पेटीकडे ढुंकूनही बघितलं नसतं. निवृत्ती जवळ आली तशी ती रिकामी झोळी त्याच्या डोक्यात जाऊन बसली. मरण्याआधी एकदा तिथं जायचं. एकट्यानं. ऊन अंगात मुरेपर्यंत पडायचं आणि कुणी "आहेस का?" विचारायचं नाही. आयुष्यात त्यानं दुसरं काही मागितल्याचं कुणाला आठवत नाही.

बसस्टँडसमोर सहलीचं एक ऑफिस होतं. काचेच्या टेबलामागे एक पोरगी बसायची, नखं रंगवलेली, बोलायला गोड. तिनं विचारलं, काका, किती जण?

"एक."

"म्हणजे तुम्ही आणि काकू?"

"ती दोन झाली की."

पोरगी हसली. मग तिनं सगळं पुढ्यात मांडलं. बोटीची फेरी, पाण्याखालचे रंगीत मासे, संध्याकाळी शेकोटीभोवती गाणी. घुम्या म्हणाला, मासे मी रोजच बघतो, आणि गाणी नकोत. मग तुम्ही तिथं करणार काय, असं तिनं खरोखरच्या काळजीनं विचारलं. त्यानं सांगितलं की काहीच करणार नाही. तिला वाटलं म्हाताऱ्याचं घरी वाजलंय. तिनं आवाज खाली आणून सांगितलं की एकट्या माणसाला दर जास्त पडतो, दोघं गेलात तर स्वस्त. घुम्या म्हणाला, जास्त पडतो तो एकटं राहण्याचाच आहे, द्या. बेट लहान होतं, मोठ्या बेटावरून नावेनं जायचं. किनाऱ्याला सुट्या सुट्या खोल्या, त्यातली टोकाची एक त्यानं घेतली. पोरीनं पावती फाडून दिली तेव्हा त्याच्या हातापायांना घाम आला, आणि तोही त्याला बरा वाटला.

घरी सांगायचं बाकी होतं. त्यानं चार दिवस मनात वाक्यं जुळवली. बायको चिडेल, रडेल, मुलाला फोन लावेल, वरच्या मजल्यावरची तिची बहीण खाली येऊन बसेल आणि दोघी मिळून पिसं काढतील, अशी त्याची तयारी होती. बायको मालिका बघत होती. जाहिरात लागल्यावर त्यानं सांगितलं. तिनं पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "किती दिवस?"

"आठवडाभर."

"दोन आठवड्यांचं नसतं का काही?"

एवढंच. जाहिरात संपली, मालिका सुरू झाली. जुळवलेली वाक्यं घुम्याच्या तोंडातच राहिली. त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण पायरी आहे समजून पाय टाकावा आणि तिथं पायरीच नसावी, तसं झालं. दुसऱ्या दिवशी वरून मेहुणी आली ती हसतच. म्हणाली, भावोजी, बरं केलंत, ताईलाही जरा मोकळं होता येईल. इतकी वर्षं तिला कशानं बांधून ठेवलं होतं, ते घुम्यानं विचारलं नाही. उत्तर त्याला कळण्यासारखं होतं.

मग तयारी लागली. त्यानं अर्धी चड्डी विकत घेतली. ती घालून आरशासमोर उभा राहिला तर पाय पांढरेफटक, गोठवलेल्या कोंबडीसारखे. हे घेऊन उन्हात गेलो तर सोलून निघेन, असं वाटून त्यानं गच्चीवर खाट टाकून सराव सुरू केला. सुट्टीच्या दिवशी दुपारी चड्डीवर पडून राहायचा. कपडे वाळत घालायला आलेल्या बाया तोंडाला पदर लावून परत जायच्या. पाय काही भाजले नाहीत, नाक मात्र भाजलं. लालभडक झालं, आणि दोन दिवसांनी त्याची सालं निघायला लागली.

त्या नाकानंच घात केला. उणे चेंबरातल्या माणसाचं नाक निळं असतं, पांढरं असतं, शेंबडं असतं, भाजलेलं नसतं. कोट चढवताना टकळ्यानं बघितलं आणि त्याला जागीच सुगावा लागला. दिवसभर तो त्या नाकाच्या मागे लागला. घुम्याला खोटं बोलता येत नव्हतं. न बोलून तो आजवर निभावत आला होता. शेवटी चहाच्या वेळी त्यानं सांगितलं, निवृत्त झालो की एका बेटावर जातोय.

"म्हणजे जाणार आपण!" टकळ्या म्हणाला.

इथं घुम्यानं तोंड उघडायला हवं होतं. एक शब्द पुरला असता. पण तोवर टकळ्याची गाडी सुटलेली. दोघांची निवृत्ती थोड्याच अंतरानं येत होती, त्याच्याही गाठीला चार पैसे होते, आणि त्याला आजवर कुणी कुठं बोलावलं नव्हतं. त्यानं बेट तिथल्या तिथं हातात घेतलं. नावेत उलटी होते म्हणून लिंबू न्यायचं. झोपताना खिडकीची बाजू त्याची, कारण घुम्याला वारा सोसत नाही. पाण्यात उतरायचं ते दोघांनी मिळून, एक जण कायम काठावर, आपली कोल्ड स्टोरेजची शिस्त. रोज नवी भर पडायची. कुठून कुठून विचारून यायचा. तिथले मासे कसले, तिथल्या भरतीची वेळ काय, खेकडे रात्री खोलीत शिरतात का. घुम्या हं म्हणायचा. तीस वर्षांचा हं तो, जिभेवरून आपसूक निसटायचा. उद्या सांगू, असं तो रोज घरी जाताना ठरवायचा आणि रोज सकाळी टकळ्या गेटापासूनच नवीन काहीतरी बोलत यायचा. सांगायला जागा कुठं होती? असं तो स्वतःला म्हणायचा. जागा होती. हिंमत नव्हती.

मग टकळ्याच बसस्टँडसमोरच्या ऑफिसात गेला. आपला हिस्सा भरून टाकावा, जोडीदारावर भार नको, म्हणून आपणहोऊन गेला. चांगला शर्ट घालून गेला होता. त्या पोरीनं शोधून बघितलं आणि गोड आवाजात सांगितलं, काका, हे तर एकाच माणसाचं बुकिंग आहे. चूक झाली असेल म्हणून त्यानं पुन्हा बघायला लावलं. पोरीला घुम्या चांगला आठवत होता. म्हणाली, नाही काका, त्यांनी मुद्दाम तसंच मागितलं, जास्त पैसे भरून.

दुसऱ्या दिवशी टकळ्या गेटातून आला तो गप्प. घरी कुणाला बरं नाही का, अशी विचारपूस झाली. कपडे बदलायच्या खोलीत दोघंच उरल्यावर त्यानं विचारलं, "मला सांगितलं असतंस तर काय झालं असतं?"

घुम्याच्या मनात होतं की माफी मागावी. पण अडवलेल्या माणसाच्या तोंडून जे निघतं ते निघालं. "तू बोलतोस," तो म्हणाला. "तीस वर्षं बोलतोयस. मला एकदा तरी तुझ्याशिवाय बसायचंय."

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं, एवढं लांब वाक्य आपण बोललो ह्याचं. टकळ्यानं कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. "बरं," म्हणाला. "आता नाही बोलत."

आणि खरंच बोलला नाही. दोघं आत गेले, थप्पीच्या दोन अंगांना लागले. घुम्यानं हाक दिली. उत्तर नाही. दुसरी दिली. उत्तर नाही. पेटी टाकून तो धावला, मटार चहूकडे सांडले, आणि वळणावर बघतो तर टकळ्या हाताची घडी घालून उभा. "आहे की," म्हणाला. "शांत आहे. तुला हवं होतं ना?" घुम्यानं मटार गोळा केले. दोन दिवस गेले आणि पुन्हा तेच. पुन्हा धावला, गुडघा रॅकवर आपटला, आणि टकळ्या पेट्यांवरचं हिम बोटानं खरवडत उभा. बाहेरच्या गड्यांनी बघितलं आणि हसले. नवराबायकोचं भांडण चाललंय म्हणाले.

त्यानंतरचा तो दिवस. मासळीचा माल आला होता, घाईनं लावलेला, थप्प्या कलत्या. घुम्या नारळाच्या किसाकडे, टकळ्या मासळीकडे. मध्ये कधीतरी पेट्या आदळल्याचा आवाज आला, पण तिथं पेट्या आदळतच असतात. घुम्यानं हाक दिली. उत्तर नाही. दुसरी हाक दिली. उत्तर नाही. त्याच्या हातात पेटी होती. ती त्यानं टाकली नाही. बस मग तसाच, असं मनात म्हणाला आणि पेटी थप्पीवर नीट बसवली.

इथपर्यंत कुणीही त्याला समजून घेईल. पण त्यापुढचं त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही, बायकोला तर नाहीच. त्याला ती शांतता आवडली. पंख्यांची घरघर तेवढी, बाकी माणसाचा आवाज नाही. मेहुणा नाही, पित्त नाही, आखूड बाह्या नाहीत. त्यानं संथपणे ती सबंध रांग लावली. पेटीवरचं हिम हातमोज्यानं पुसून चित्र बघितलं. इतक्या वर्षांत त्याला त्या चेंबरात पहिल्यांदा उबदार वाटलं.

रांग संपवून ढकलगाडी घेऊन तो पलीकडे गेला तेव्हा पेट्यांच्या ढिगाऱ्यातून एक बूट बाहेर आलेला दिसला.

टकळ्या मेला नाही. सबंध थप्पी अंगावर आली होती. छाती दाबली गेल्यामुळे आवाज फुटत नव्हता, पाय पेटीखाली अडकून बूट निघालेला, एका हाताचा मोजा कुठं गेला ते शेवटपर्यंत सापडलं नाही. डॉक्टरांनी डाव्या पायाचं अर्धं पाऊल कापलं आणि उजव्या हाताची शेवटची दोन बोटं. थोडं आधी बाहेर काढला असता तर निभावलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. कुणाला उद्देशून म्हणाले नाहीत, पण घुम्या तिथंच उभा होता.

कंपनीत चौकशी लागली. जोडीतल्या एकानं हाकेचा नियम मोडला असेल तर त्याला तिथल्या तिथं घालवतात, निवृत्तीच्या तोंडावर असला तरी. साहेब हॉस्पिटलात आले, बरोबर घुम्यालाही आणलं. हाक दिली होती का, असं त्यांनी विचारलं. घुम्या म्हणाला, दिली होती. मग उत्तर आलं का? खरं सांगावं एवढं घुम्याच्या मनात नक्की होतं, पण तो साहेबांच्या हातातल्या फळांच्या पिशवीकडे बघत राहिला.

खाटेवरून टकळ्याच म्हणाला, "मी दिलं उत्तर. आहे म्हणालो. त्यानंतर पडलो. त्याची काही चूक नाही."

साहेबांना तेवढंच हवं होतं. त्यांनी मान हलवली, फळांची पिशवी टेबलावर ठेवली, आणि गेले. घुम्या खाटेजवळ सरकला. टकळ्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

ते फिरवलं ते फिरवलंच. घुम्या रोज कामावरून सुटला की हॉस्पिटलात जायचा. पायऱ्या चढताना त्याला टकळ्याचा आवाज ऐकू यायचा. नर्सला मेहुण्याची मोटार सांगतोय, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला चेंबरातल्या गमती सांगतोय, म्हातारा हसून हसून खोकतोय. घुम्या दारात दिसला की आवाज बंद. नळ बंद करावा तसा. बहीण बिचारी मध्ये पडून बोलायची, चहा आणते म्हणायची. एकदा बाहेर व्हरांड्यात तिनं घुम्याला विचारलं, दादा, तुमचं काय झालंय? दिवसभर बोलतो की हा, माझं डोकं उठवतो, मग तुम्ही आलात की ह्याला काय होतं? घुम्या म्हणाला, दुखत असेल पाय. हॉस्पिटलातून घरी आणल्यावरही तेच. घुम्या जायचा, स्टुलावर बसायचा, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा आणि उठायचा. ज्या शांततेसाठी त्यानं जास्तीचे पैसे भरले होते ती इथं फुकट मिळत होती आणि ती घशाखाली उतरत नव्हती.

निवृत्तीचा दिवस आला. हार, चहा, साहेबांचं भाषण. साहेब म्हणाले, जोडीदार कसा असावा तर असा. गड्यांनी टाळ्या वाजवल्या. घुम्या खाली बघत उभा राहिला आणि लोक म्हणाले, बघा किती भरून आलंय.

निघायच्या आदल्या दिवशी तो टकळ्याकडे गेला. बहीण मशीनवर होती. टकळ्या खुर्चीत, पाय उशीवर, पायाला पांढरं फडकं गुंडाळलेलं. घुम्यानं बसायच्या आतच सांगितलं, "मी जात नाही. रद्द करतो."

त्याला वाटलं होतं, हे ऐकून तरी काही हलेल. आतून कुठंतरी असंही वाटलं होतं की रद्द केलं की हिशेब मिटेल. टकळ्यानं किती दिवसांनी तरी त्याच्याकडे सरळ बघितलं.

"जा तू," तो म्हणाला. "माझ्या पायावर तुझं बेट टांगू नको. जा, पड, काय करायचं ते कर. फक्त आल्यावर मला त्यातलं एक अक्षर सांगायचं नाही."

मशीन थांबलं. बहिणीनं मान वर केली, पण टकळ्याचं बोलून झालं होतं.

घुम्या गेला. न जाऊन कुणाचं भलं होणार होतं? बायकोनं तर बॅग आधीच दाराशी आणून ठेवली होती.

आणि खरं सांगायचं तर त्याला मजा आली. तिथं जाऊन तो रडला, पस्तावला, त्याला एक घास गोड लागला नाही, असं काही घडलं नाही. नावेत त्याला उलटी झाली, ती सोडली तर सगळं छान झालं. खोली पेटीवरच्या चित्राइतकी सुंदर नव्हती, नळाला पाणी करंगळीएवढं यायचं, पण वाळू होती, ऊन होतं. सकाळी तो वाळूवर जाऊन पडायचा. ऊन आधी कातडीला लागायचं, मग मांसाला, आणि दोनतीन दिवस गेल्यावर एका दुपारी ते हाडाला जाऊन टेकलं. कुठंतरी आत, इतकी वर्षं आवळून धरलेली मूठ सुटावी तसं काहीतरी सैल झालं. तो पोटभर जेवला, मेल्यासारखा झोपला. जेवण आणून देणारी बाई त्याची भाषा जाणत नव्हती, तीही खुणेनं बोलायची. संध्याकाळी भरतीच्या पाण्यात पाय सोडून बसला असताना एक भलं मोठं कासव त्याच्या पायाशी येऊन थांबलं, डोकं वर काढून त्याच्याकडे बघत राहिलं, आणि निघून गेलं. घुम्या हसला. एकटाच मोठ्यानं हसला. आणि हे कासव कुणाला सांगायचं, असा प्रश्न त्याला तिथंच पाण्यात पडला.

परत आला तर बायकोनं त्याची खाट खिडकीपासून उचलून पॅसेजमध्ये टाकली होती. खोलीला हवा चांगली येते म्हणे आता. तिनं विचारलं, आलात? जेवणार का? तो म्हणाला, हो. तिनं वाढलं. रंग चांगलाच काळवंडलाय, एवढं ती म्हणाली. त्यानं कासवाचं काढलं तेव्हा मालिकेत कुणाचं तरी लग्न मोडत होतं, तिनं हात वर करून थांबवलं. मुलाचा फोन आला, त्यानं फोटो पाठवा म्हटलं. फोटो काढले नव्हते. कोल्ड स्टोरेजच्या गेटावर जाऊन बघितलं तर गडी घाईत, आत जायची वेळ झालेली. जगात एकच माणूस असा होता की ज्यानं त्याला धरून बसवलं असतं आणि कासवाच्या डोळ्याचा रंगसुद्धा विचारून घेतला असता.

चारआठ दिवसांनी न राहवून तो टकळ्याच्या घराकडे गेला. सांगायचं नाही हे त्याला ठाऊक होतं. नुसतं बसायचं, असं ठरवून गेला. संध्याकाळची वेळ. घरासमोर टकळ्या खुर्ची टाकून बसलेला, काठी मांडीवर आडवी, भोवती गल्लीतली माणसं. शिंपी होता, दूधवाला होता, दोन शेजारणी भाजी निवडत बसल्या होत्या. टकळ्याची टकळी अशी चालली होती की घुम्या कोपऱ्यावरच थबकला.

तो बेट सांगत होता. पाणी इतकं नितळ की खालची शिंपली मोजावीत. आमचं दोघांचं ठरलं होतं, तो सांगत होता, पैसे भरून झाले होते, माझा जोडीदार तर मागेच लागला होता, तुझ्याशिवाय जातच नाही म्हणून. पण हा पाय आडवा आला. मीच त्याला म्हटलं, तू जा लेका, माझ्यापायी तुझं नको नासायला. रडत गेला बिचारा. शेजारणींचे हात भाजीवर थांबले होते. दूधवाल्यानं च्च केलं.

शिंप्याला घुम्या दिसला. "अहो, हेच ना ते?" त्यानं मोठ्यानं विचारलं. "काय हो, खरं का? दोघांचंच ठरलं होतं?"

सगळ्या माना वळल्या. टकळ्याची तेवढी वळली नाही. तो काठीच्या मुठीकडे बघत होता, आणि उरलेल्या बोटांनी ती मूठ त्यानं घट्ट धरली होती.

"हो," घुम्या म्हणाला. "दोघांचंच ठरलं होतं."

"बघा," टकळ्या शिंप्याला म्हणाला. "मी काय सांगत होतो." आणि त्यानं पुढचं सुरू केलं, तिथं दोघांनी काय काय करायचं ठरलं होतं ते.

ये म्हणून कुणी म्हणालं नाही. खुर्ची दुसरी नव्हती, पायरीवर शेजारणींची भाजी पसरलेली. घुम्या थोडा वेळ उभा राहिला. टकळ्या सांगत होता त्यातलं काहीच बेटावर नव्हतं. तिथं ना तसली शिंपली होती ना तसलं पाणी, आणि कासव तर त्याच्या बोलण्यात कुठंच नव्हतं. पण ऐकणाऱ्यांच्या तोंडाकडे बघितलं तर त्यांना सगळं दिसत होतं. घुम्या मागे फिरला. गल्लीच्या टोकापर्यंत आवाज त्याच्या पाठीवर येत होता. बेटावर ते दोघं आता गळ टाकून बसले होते, आणि पहिला मासा टकळ्याला लागला होता.